परकराच्या नाडीखाली

सप्टेंबरचे दिवस, धानाचं निंदण संपत आलेलं. भंडाऱ्याकडच्या एका गावातून चाळिशीतली शेतमजूर बाई आमच्या वॉर्डात आली. आठवडाभर ताप, गावात सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं घेऊन झालेली, तरी पारा 103 वरच. मलेरियाची स्लाइड आणि डेंग्यूची एनएस-1 निगेटिव्ह. प्लेटलेट साठ हजार, लिव्हरचे रिपोर्ट बिघडलेले. राऊंडपर्यंत धापही लागायला लागली.

2018 मध्ये नागपूर विभागात स्क्रब टायफसची (माइट या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची) साथ पाहिल्यापासून पावसाळ्यातला असा ताप दिसला की मी पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत तपासायला लावते. पडदा ओढून सिस्टरनी काखा पाहिल्या, जांघा पाहिल्या. शेवटी परकराची नाडी सैल केली, तर कमरेवर बोटाच्या पेराहून लहान काळी खपली, भोवती लाल कडं. बिडीचा चटका बसल्यासारखी.

"किडाबिडा चावला असंन जी. दुखत बी नाही."

स्क्रब टायफसची खूण हीच खपली. दुखत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. गवतातल्या माइटची अळी चावते ती बहुतेकदा अशीच, कपडा घट्ट बसतो तिथे किंवा काखा-जांघांत.

इंटर्नचा प्रश्न रास्त होता: सेफ्ट्रिॲक्सोनसारखं तगडं औषध का चाललं नाही? कारण स्क्रब टायफसचा ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जंतू रक्तात मोकळा फिरत बसत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी त्याला स्वतःच गिळतात. गिळलेलं पचवायला पेशीकडे पाचक रसांच्या पिशव्या असतात, पण त्या येऊन भिडायच्या आत हा जंतू आपल्याभोवतीचा कोष फोडून पेशीद्रवात उतरतो. तिथून पेशीच्याच वाहतुकीच्या सूक्ष्मनलिकांवरून केंद्रकाजवळ जातो आणि वाढतो. बाहेर पडतानाही पेशीचंच आवरण पांघरून निघतो. (डोकं आहे लेकाच्याला!) सेफ्ट्रिॲक्सोन जंतूची भिंत बांधू देत नाही, पण ते पेशीत फारसं शिरत नाही आणि याची भिंतही नावापुरतीच. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक मात्र पेशीत शिरून त्याचं प्रथिनं बनवणंच थांबवतं. इकडे अस्तर बिघडून वाहिन्या पाझरतात. बाईची धाप त्यातलीच.

एलायझा या रक्तचाचणीच्या रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सी सुरू केलं. दुसऱ्या दिवशी रात्री ताप उतरला, ऑक्सिजनही सुटला. आयजीएम (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आल्याचा कागद त्यानंतर आला.

घरी जाताना गवतात बसू नका म्हटलं, तर म्हणाली, "बसल्याबिगर निंदण होते का जी?"

मग पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, शेतातून आलं की अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका, एवढंच सांगितलं. डिस्चार्ज कार्डावर खपलीची जागा ठळक लिहिली, गावातल्या डॉक्टरांच्या नजरेला पडावी म्हणून.