क्वार्टरबॅक मोजायचा कशाने?

अमेरिकन फुटबॉलमध्ये पास फेकून संघाचा हल्ला चालवतो तो क्वार्टरबॅक. त्यांतल्या जो नेमथच्या खात्यावर १७३ टचडाउन पास आहेत आणि २२० इंटरसेप्शन. म्हणजे आपल्या गड्याला गुण मिळवून देणारे पास कमी आणि थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेलेले जास्त. आज असे आकडे असणाऱ्याला एनएफएल या तिथल्या मुख्य लीगमधला कुठलाही संघ दारात उभा करणार नाही. तरी नेमथ हॉल ऑफ फेममध्ये आहे, आणि उगाच नाही. १९६७ साली १४ सामन्यांत पासांनी पुढे नेलेले ४,००७ यार्ड! तोवर चार हजारांचा आकडा कुणी ओलांडलाच नव्हता.

वेगवेगळ्या काळांतले क्वार्टरबॅक शेजारीशेजारी उभे केले की पहिली गोची इथेच होते. विनाहेल्मेटच्या जमान्यातल्या सलामीवीराला आयपीएलच्या स्ट्राइक रेटने मोजण्यातला हा प्रकार. नेमथच्या काळी चेंडू हातातून सुटेपर्यंत बचावपटू पास झेलायला पळणाऱ्या रिसीव्हरला वाटेत धक्के देऊ शकत. १९७८ मध्ये नियम बदलला: पहिल्या पाच यार्डांपुढे रिसीव्हरला हात लावायचा नाही. त्याच वर्षी क्वार्टरबॅकची राखण करणाऱ्या लाइनमनना हात लांब करून, उघड्या पंजाने प्रतिस्पर्ध्याला रेटायची मुभा मिळाली. वर सामने १४ चे १६ झाले (आता १७). रिसीव्हर मोकळा, फेकायला जास्त वेळ आणि मोसमही लांब. आकडे फुगणारच.

मग 'पासर रेटिंग' आहे ना, म्हणणारे भेटतातच. ते १९७३ पासूनचं, आणि त्याचं गणित जरा उलगडून पाहावं असं आहे. पूर्ण झालेल्या पासांची टक्केवारी, दर पासमागे यार्ड, टचडाउनची टक्केवारी आणि इंटरसेप्शनची टक्केवारी, असे चार घटक. प्रत्येकाला शून्य ते २.३७५ गुण. बेरजेला सहाने भागून शंभराने गुणायचं, कमाल १५८.३. पन्नास टक्के पास पूर्ण, पासमागे सात यार्ड, पाच टक्के टचडाउन आणि साडेपाच टक्के इंटरसेप्शन असतील तर चारही घटकांना एकेक गुण, म्हणजे रेटिंग ६६.७. तेव्हाचा साधारण बरा क्वार्टरबॅक तो हाच. नेमथचं कारकिर्दीचं रेटिंग ६५.५ आहे, हे आता इतकं वाईट दिसत नाही. आजची सरासरी नव्वदच्या आसपास घुटमळते.

या सूत्रात गमतीही आहेत. प्रत्येक पास मुद्दाम जमिनीवर आपटला तरी रेटिंग ३९.६ मिळतं, कारण इंटरसेप्शन न झाल्याचे पूर्ण गुण पदरात पडतात. उलट चेंडू हातात धरून बसलात आणि सॅक होऊन, म्हणजे फेकण्याआधीच पाडले जाऊन, आठ यार्ड मागे गेलात, तर रेटिंगला त्याचा पत्ताही नाही. स्वतः पळून काढलेले यार्डही हिशेबाबाहेर.

त्यामुळे मला आपापल्या वर्षीच्या आणि त्याआधीच्या खेळाडूंपेक्षा कोण किती पुढे गेला, हेच माप पटतं. त्या मापाने १९८४ चा डॅन मरीनो. एका मोसमातल्या टचडाउन पासांचा विक्रम तोवर ३६ होता. त्याने एकदम ४८ केले. पुढे वीस वर्षं कुणाला ते गाठता आले नाहीत. २००४ मध्ये पेटन मॅनिंगने ४९ केले, म्हणजे एकानेच पुढे. मॅनिंगचे २०१३ चे ५५ मोठे खरे, पण ती उडी नव्हे, पायरी.

संघाचा वाटा वेगळा काढणं त्याहून अवघड. स्टीव्ह यंगचं उदाहरण घ्या. टॅम्पा बेकडून १९ सामन्यांत ३ विजय, १६ पराभव. ११ टचडाउन, २१ इंटरसेप्शन. १९८७ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत प्रशिक्षक बिल वॉल्शकडे आला. तिथली पद्धत आखूड, घड्याळ लावलेल्या पासांची: तीन किंवा पाच पावलं मागे, शेवटचं पाऊल टेकलं की चेंडू सुटलाच पाहिजे, रिसीव्हर वळलेला असो वा नसो. पाऊल अर्धा सेकंद रेंगाळलं तर रिसीव्हर पुढे निघून जातो आणि चेंडू बचावपटूच्या छातीवर. याच पद्धतीत जो मोंटाना घडला होता, आणि यंगने तिथे सहा वेळा रेटिंगमध्ये अव्वल येऊन दाखवलं. म्हणून मोंटाना लहान ठरतो का? मला नाही वाटत. चार सुपर बोलांत, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यांत, १२२ पास आणि एकही इंटरसेप्शन नाही, हे पद्धतीच्या खात्यावर टाकता येत नाही.

विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठ्या मोजणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. मोजायच्याच तर क्लीव्हलँडच्या ऑटो ग्रॅहमपासून मोजा: १९४६ ते १९५५, दहा मोसम, दहाही वेळा अंतिम सामना, सात विजेतेपदं. त्यांतली चार एनएफएलबाहेरच्या लीगमधली आणि सुपर बोल तर तेव्हा जन्मालाच आला नव्हता, म्हणून त्याचं नाव वादात येतच नाही. टॉम ब्रेडीच्या सात अंगठ्या तेवढ्या सगळ्यांना पाठ. त्यांतल्या सहा न्यू इंग्लंडच्या, त्याही प्रशिक्षक बेलिचिकच्या जिवावर, असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्याने त्रेचाळिसाव्या वर्षी टॅम्पाला पहिल्याच मोसमात जिंकून देऊन बंद केली, हे कबूल. पण ३१-९ अशा त्या सामन्यात क्वार्टरबॅक माहोम्सच्या कॅन्सस सिटीला एकही टचडाउन करता आला नाही, आणि त्यांचा हल्ला टॅम्पाचे बचावपटू रोखत होते तेव्हा ब्रेडी बाकावर बसून होता.