आइस्क्रीमवरच्या लाल चेरीचे गाव

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात आमचे कॉर्व्हॅलिस हे लहानसे विद्यापीठाचे गाव आहे. येथील विद्यापीठात वीगंड हॉल नावाची इमारत आहे आणि ज्या प्राध्यापकांचे नाव तिला दिले आहे, त्यांच्यामुळेच आइस्क्रीमवरची लालभडक चेरी आज एवढी घट्ट आणि टपोरी राहते.

ही चेरी मूळची एड्रियाटिक समुद्राकाठच्या डाल्मेशियातली. तिथे मरास्का नावाच्या लहान, आंबट चेरीपासून मरास्किनो हे मद्य बनवीत आणि त्यातच ही फळे मुरवीत. अमेरिकेत ती चैनीची वस्तू ठरली. 1912 साली तर सरकारने मरास्का चेरी याच मद्यात मुरवली असेल तरच तिला ‘मरास्किनो’ म्हणावे, असा निर्णय दिला.

इकडे ऑरेगनमध्ये रॉयल ॲन जातीची, फिकट पिवळ्या सालीवर लाली असलेली चेरी भरपूर पिकत होती. पण खारवली की ती लिबलिबीत होई. अर्नेस्ट वीगंड यांनी 1925 पासून सुमारे सहा वर्षे याच अडचणीवर काम केले आणि खाऱ्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार घातल्यास फळ घट्ट राहते, हे दाखवून दिले. अमेरिकेतील दारूबंदीमुळे हा शोध लागला, असे पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही, कारण मद्याविना चेरी मुरवण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. खरी गरज होती ती शेतकऱ्याचा माल टिकवण्याची. कोहळ्याचा पेठा करणाऱ्यांना यातले मर्म लगेच कळेल: फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात त्या याचसाठी, कारण चुन्यातले कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला, म्हणजे फळाच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या द्रव्याला, घट्ट बांधून ठेवते.

खारातून काढलेली चेरी मी एकदा तळहातावर घेऊन पाहिली. गंधकाच्या वायूने तिचा रंग पार उडाला होता. जुन्या हस्तिदंतासारखी पांढुरकी, बोटाने दाबली तरी न दबणारी. पुढे तिला लाल रंग देतात आणि पाक हळूहळू वाढवत मुरवतात. एकदम दाट पाकात टाकली तर ती सुरकुतते.

आपल्याकडे केकवर किंवा आइस्क्रीमवर जी ‘चेरी’ मिळते, ती बहुधा करवंदाची असते. तीही अशीच खारवून, बी काढून, लाल रंगाच्या पाकात मुरवलेली.