घरी विचारून या

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दर सोमवारी मी एखादी अनोळखी वस्तू पिशवीत घालून वर्गात नेते आणि मुलांनी ती ओळखायची, त्या खेळाबद्दल. शिक्षण परिषदेला गेलं की कोणीतरी हा विषय काढतंच, आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत पुढचं सत्र सुरू होतं. "बाई, पूर्वी तुम्ही पिशवीतल्या वस्तूचं नाव आठवडाभर फोडायचा नाहीत. आता सोमवारीच मुलांना सांगता, घरी विचारून या. मग गंमत काय राहिली?"

गंमत कमी झाली, हे आधीच कबूल करते. मागे चौपाटीवर सापडलेला समुद्रफेस नेला होता. मंगळवारी सकाळी एकजण वर्गात शिरतानाच ओरडला, "कटलबोन! मम्मीने फोनमध्ये फोटो काढून बघितलं." झालं. नाव कळलं म्हणजे सगळं कळलं, असे चेहरे करून पोरं वह्या काढायला लागली. शेवटी बादली आणून तो पाण्यात टाकला, तेव्हा कुठे पुन्हा माना वर झाल्या. दगडासारखा दिसतो आणि तरंगतो! मग कोळीवाड्यातला एक पोरगा म्हणाला, "माकलाच्या पाठीत असतो तो. आई साफ करताना काढून टाकते." मोडून बघितला तर आत कागदासारखे पातळ थर, थरांमध्ये पोकळ्या. त्यातलं पाणी आणि वायू कमीजास्त करून माकूल समुद्रात वर-खाली होतं. तास वाचला, पण बादलीमुळे. तेव्हा तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

तरी जुन्या नियमाकडे मी परत जाणार नाही. तो नियम मीच केला होता. पिशवीत हात घालायचा, चाचपायचं, वस्तू कुठे झिजली आहे ते बघायचं, ती कोणाच्या हातात असेल ते ओळखायचं. घरी विचारायचं नाही. विचारलं तर ती चीटिंग. हे फळ्याच्या कोपऱ्यात तांबड्या खडूने वर्षभर असायचं. साहेब लोक वर्ग बघायला यायचे, पिशवीचे फोटो काढायचे. मला ते आवडायचं, उगाच खोटं कशाला सांगू.

त्या काळात एका वर्षी मी चोर बाजारातून एक धोटा आणला, कापड विणायच्या मागावर आडवा धागा नेणारा. आमची शाळा गिरणगावातली, खिडकीतून जुनी चिमणी दिसते आणि तिच्या बाजूला टॉवर. तिसरीचा वर्ग. जवळजवळ दोन वितींचं गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधे पोकळी, एका अंगाला बारीक भोक. होडी, बॉम्ब, मगरीचं तोंड, बाईंची कंपासपेटी, असे अंदाज आले. एकीने टोपीवर बोट फिरवून सांगितलं, "हे सारखं कशावर तरी आपटत असणार." मी टाळ्या वाजवल्या. भोक कशाला? "हवा जायला." मी म्हणाले, "छान विचार."

मंगळवारी दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. ही कधी हात वर न करणारी. तिला माहीत आहे हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं, आणि म्हणूनच मी तिच्यावरून नजर फिरवली. तिने सांगितलं असतं तर खेळ मंगळवारीच संपला असता. बुधवारी पुन्हा हात. मी फळ्यावरचा नियम मोठ्याने वाचून दाखवला. "घरून विचारून आलेल्यांनी हात वर करायचा नाही." गुरुवारी तो हात वर आला नाही. शुक्रवारी मी तक्ता लावला. उभे धागे, आडवे धागे, धोटा कसा इकडून तिकडे धावतो, 1982 चा गिरणी संप, अडीच लाख कामगार. जाता जाता तिला विचारलं, "तुला काय वाटलं होतं गं?" म्हणाली, "काही नाही."

पुढच्या आठवड्यात शाळा सुटताना तिची आजी फाटकाशी थांबली होती. "बाई, पोरीनं विचारलं म्हणून मी सांगितलं. चूक झाली का माझी?"

काय सांगितलं होतं, तेही तिने मला सांगितलं. त्या भोकाला तोंड लावून धागा ओढून घ्यायचा. म्हणून तिच्या सासऱ्यांच्या काळात आपल्या माणसांना साच्यावर, म्हणजे मागावर, घेत नसत, त्यांचं उष्टं इतरांना चालायचं नाही. सूत काढा, कापड विणायचं ते दुसऱ्यांनी. डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या गिरणी संपात अस्पृश्य कामगारांचा हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडला होता, हे मी वाचलेलं होतं. माझ्या तक्त्यावर ते नव्हतं. भोक कशाला हे वर्गात एका पोरीला माहीत होतं, आणि मी "हवा जायला" ला शाबासकी दिली होती.

माझ्यातली तेव्हाची बाई अजून भांडते. ती म्हणते, ज्यांचे आईबाप रात्री दहाला घरी येतात त्यांनी कोणाला विचारायचं? माझ्या नियमात सगळी पोरं निदान सारखीच अडाणी होती. याला माझ्याकडे धड उत्तर नाही. अशा मुलांना मी वॉचमनकाकांकडे, शाळेतल्या मावशींकडे पाठवते. एका पोराने काकांना तीनदा विचारलं, तीनदा वेगळं उत्तर मिळालं, आणि तो जाम खूश होता. पण काही पोरं मंगळवारी खाली मान घालून बसतात, ती मला दिसतात.

माफी मागितली का, हेही विचारता. वर्गात नाही. जिन्यात तिला म्हणाले, तू बरोबर होतीस, मी तुला बोलू द्यायला हवं होतं. "हो बाई," म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या उतरत गेली. चौथीनंतर ती दुसऱ्या शाळेत गेली.

धोटा कपाटात आहे. आता नियम बदललाय, मग काढा की, असं म्हणता. दोनदा काढला. दोन्ही वेळा भोकावर अंगठा ठेवून बघत बसले आणि परत ठेवला. या सोमवारी पिशवीत धान्य मोजायचं मापटं नेते आहे.