विहिरीत दर्या शिरला का?

"एवढीशी बाटली, नि तीही काठोकाठ? पाणी काय पळून जातंय गो?"

खाडीकाठच्या आगरातल्या विहिरीवर नमुना भरत होते, तेव्हा काकूंनी विचारलं. पळतंच की! पाण्यात ऑक्सिजन हलका (ऑक्सिजन-१६) नि जड (ऑक्सिजन-१८) असा दोन्ही असतो. बाटलीत हवा राहिली तर ऑक्सिजन-१६ चे हलके रेणू आधी वाफ होतात, ऑक्सिजन-१८ चे जड मागे उरतात, आणि मला मोजायचा असतो तो दोघांच्या प्रमाणाचा आकडा बिघडतो.

काकूंचा खरा प्रश्न पुढे होता. "मे महिन्यात पाणी मचूळ लागतं. दर्या शिरला का?"

पुस्तकी उत्तर सोपं आहे. वाऱ्याने आलेलं मीठ पावसाबरोबर झिरपलं, तर क्लोराइड (मिठाचा मुख्य घटक) वाढतं, पण ऑक्सिजन-१८ पावसासारखाच राहतो. समुद्र मिसळला तर दोन्ही समुद्राकडे सरकतात.

पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं. विहिरीत त्याचे दोन टक्के आले तरी जीभ ओळखते. ऑक्सिजन-१८ मात्र हजारात जेमतेम ०.०५ ने हलतो; यंत्राची चूकच ०.१ च्या आसपास. म्हणजे इथे काकूंची जीभ माझ्या यंत्रापेक्षा तिखट! तरीही आलेखावर नमुन्याचा ठिपका पावसाच्या पाण्याच्या रेषेवर दिसला की "समुद्र नाही" असं बिनदिक्कत लिहून मोकळे होणारे असतात. मला ते पटत नाही. ब्रोमाइड (समुद्राच्या मिठातला आणखी एक घटक) बघा, भरती-ओहोटीला पातळी बघा, मग बोला.

"मग पंप चालवू की नको?"

उन्हाळ्यात उपसा कमी ठेवा, एवढं सांगितलं.

तुमच्याकडे खाडीकाठच्या विहिरी कुठल्या महिन्यात मचूळ होतात?