तुम्ही विचारलंत म्हणून: उमेदवाराचं टीकात्मक चरित्र कितपत खरं मानायचं?

अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. ट्रम्पवर एवढी पुस्तकं, काहींत आरती, काहींत शिमगा. विश्वास कशावर ठेवायचा? माझं उत्तर: पुस्तक मागून उघडा. आधी टिपा वाचा, आणि पुस्तकावर खटला झाला असेल तर निकालपत्र शोधा. ते फुकट मिळतं आणि बहुतेकदा पुस्तकापेक्षा जास्त सांगतं.

टिमथी ओब्रायन यांचं ‘ट्रम्पनेशन’ घ्या, २००५ चं. ट्रम्प तेव्हा आपली मालमत्ता पाच-सहा अब्ज डॉलर सांगत. ओब्रायननी तो आकडा छापला, आणि त्याच्या शेजारी तीन जाणकारांचा अंदाजही: १५ ते २५ कोटी डॉलर. नावं दिली नाहीत. ट्रम्पनी २००६ मध्ये न्यू जर्सीत ५ अब्जांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला.

गंमत पुढे आहे. दावा लावला की वादीलाही शपथेवर उत्तरं द्यावी लागतात आणि कागद काढून द्यावे लागतात. डिसेंबर २००७ मध्ये दोन दिवस ट्रम्पची जबानी झाली. भाषणाला दहा लाख डॉलर मिळतात हा दावा चार लाख रोख आणि उरलेली ‘प्रसिद्धीची किंमत’ इथवर खाली आला. मालमत्तेचा आकडा बाजाराबरोबर आणि स्वतःच्या भावनांबरोबरही खाली-वर होतो, असंही ते म्हणाले. डॉइश बँकेने २००५ मध्ये त्यांची मालमत्ता ७८ कोटी ८० लाख धरली होती, हेही याच खटल्यातून बाहेर आलं. २००९ मध्ये दावा फेटाळला गेला, २०११ मध्ये अपीलही.

म्हणून १५ ते २५ कोटी हा आकडा खरा ठरला का? अजिबात नाही, आणि इथेच बहुतेक वाचक घसरतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन’ निकालात सरकारी पदाधिकाऱ्यांसाठी घातलेला नियम १९६७ पासून इतर सार्वजनिक व्यक्तींनाही लागू आहे: त्यांना सिद्ध करावं लागतं की लेखकाने खोटं आहे हे ठाऊक असून, किंवा खऱ्याखोट्याची फिकीर न करता लिहिलं. ओब्रायनबाबत ते सिद्ध झालं नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ.

हेच माप लावूनही हरलेलं लेखन वाचायचं तर १९६४ चेच अध्यक्षीय उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्यावरचं घ्या. राल्फ गिन्झबर्ग यांच्या ‘फॅक्ट’ मासिकाने मथळा दिला: १,१८९ मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, हे अध्यक्षपदाला अपात्र. प्रश्नावली गेली होती १२,३५६ जणांना. उत्तरं आली २,४१७. त्यांत ६५७ जणांनी पात्र म्हटलं आणि ५७१ जणांनी सांगता येत नाही म्हटलं. ज्यांनी मत दिलं त्यांनी गोल्डवॉटरना तपासलं नव्हतं, आणि आलेल्या पत्रांत संपादकीय हात फिरला होता. गोल्डवॉटरनी दावा लावला आणि जिंकला. ज्यूरीने भरपाई दिली १ डॉलर, दंडात्मक ७५,००० डॉलर.

तेव्हा निनावी स्रोत दिसला म्हणून पुस्तक फेकू नका. किती स्रोत आहेत, ते एकमेकांशी जुळतात का, आणि ज्याच्यावर टीका आहे त्याचा आकडाही छापलाय का, ते बघा. आणि आवृत्तीचं साल बघा. ‘ट्रम्पनेशन’ २०१६ मध्ये नव्या प्रस्तावनेसह पुन्हा निघालं. आतले आकडे २००५ चेच आहेत.