तुम्ही विचारलंत म्हणून : दिवस राहत नाहीत, तर दुर्बीण टाकून बघावी का?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. "लग्नाला तीन वर्षं झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. आता डॉक्टर म्हणतात, एकदा दुर्बीण टाकून आत बघून घेऊ. करू का?"

नुसतं बघून घ्यायचं असेल, तर नको. आत अमुक असावं अशी शंका आहे, आणि ते सापडलं तर त्याच भुलेत त्याचं काय करायचं हे ठरलं आहे, असं असेल तर जरूर करा. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना हेच दोन प्रश्न विचारा : काय सापडेल असं वाटतंय, आणि सापडलं तर लगेच काय करणार?

त्याआधी "सगळे रिपोर्ट नॉर्मल" या शब्दांबद्दल. अशा फायलीत बायकोचा थायरॉइड चार वेळा तपासलेला असतो आणि नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाही झालेली नसते. दोन ते सात दिवसांचा संयम, तासाभराच्या आत नमुना लॅबमध्ये, एवढंच त्याला लागतं. तो कागद फायलीत नसताना बाईला भूल देऊन पोटाला भोकं पाडणं मला सरळ अन्याय वाटतो. त्यासोबत बीज फुटतंय का, सोनोग्राफीत पिशवी आणि अंडाशयं कशी दिसतात, आणि एचएसजीच्या, म्हणजे पिशवीत रंगद्रव्य सोडून काढलेल्या, एक्स-रेत गर्भनळ्या उघड्या आहेत का, हेही आधी कळायला हवं. इतकं झाल्यावर दुर्बिणीचा विषय काढायचा.

'दुर्बीण' म्हणतात ती दोन वेगळ्या ऑपरेशनांना. खालून, गर्भाशयाच्या तोंडातून टाकतात ती हिस्टेरोस्कोपी. तिला कुठे कापावं लागत नाही. दुर्बीण साधारण तीन मिलिमीटरची, बाहेरची नळी धरून पाचच्या आसपास, आणि पिशवी सलाइनने फुगवून आत बघतात. नुसती तपासणी असेल तर अनेकदा भूलही लागत नाही. बेंबीतून टाकतात ती लॅपरोस्कोपी. तिला पूर्ण भूल लागते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून दाब १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्यावर ठेवतात, बेंबीतून पाच किंवा दहा मिलिमीटरचा कॅमेरा जातो, आणि ओटीपोटाच्या बाजूंना पाच मिलिमीटरची दोन-तीन भोकं हत्यारांसाठी पडतात. दोन्ही एकाच बैठकीत करायची पद्धत आहे आणि सोयीचीही आहे. पण दोन्हींची गरज असतेच असं नाही. वेळ मात्र दोन्हींची एकच : पाळी थांबल्यावर लगेच, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसापर्यंत. तेव्हा आतलं अस्तर पातळ असतं आणि नकळत राहिलेल्या गर्भाला धक्का लागायची भीती नसते.

नळ्यांची तपासणी नेमकी कशी होते ते सांगते, कारण गैरसमज सगळ्यात जास्त इथेच होतात. कॅमेरा पोटात असताना खालून गर्भाशयात मिथिलीन ब्लू मिसळलेलं सलाइन सिरिंजने हळूहळू सोडतात. आधी नळीचा पिशवीजवळचा भाग निळसर होतो, मग तो रंग नळीच्या पातळ भिंतीतून पुढे सरकताना दिसतो, आणि शेवटी झालरीसारख्या टोकातून निळा थेंब टपकतो. असं झालं की नळी उघडी. निळं बाहेर आलं नाही म्हणजे नळी बंदच, असं मात्र नाही. रंग सोडायला गर्भाशयाच्या तोंडात बसवलेली नळी सैल असेल तर रंग योनीकडेच परत येतो आणि आत दाब तयार होत नाही. भूल हलकी असेल तर पिशवीचे स्नायू आखडतात आणि नळीचं तोंड तेवढ्यापुरतं मिटतं. काही मिनिटं थांबून पुन्हा करायचं असतं. एक नळी सहज उघडी असली की सगळं पाणी तिकडेच पळतं, मग ती हत्याराने अलगद दाबून दुसरीला संधी द्यावी लागते. एचएसजीत "दोन्ही बाजू सुरुवातीलाच बंद" असा रिपोर्ट आला की घाबरून जाऊ नका, म्हणते ते यामुळेच. त्यातल्या कित्येक नळ्या आखडलेल्या असतात किंवा चिकट स्रावाने बुजलेल्या असतात. हिस्टेरोस्कोपीतून बारीक तार घालून त्या मोकळ्या करता येतात, आणि तार कुठे निघते ते लॅपरोस्कोपीतून बघत राहतात. ऑपरेशननंतर लघवी एखाद दिवस हिरवट-निळी झाली तर तो याच रंगाचा परिणाम. घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची (रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असेल तर हे आधी सांगा. अशा रुग्णांना मिथिलीन ब्लूने रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो.

टोकाकडे बंद होऊन पाण्याने फुगलेली नळी हा प्रकार वेगळा. ते साचलेलं पाणी उलट पिशवीत झिरपतं आणि गर्भाला रुजू देत नाही. अशी नळी तशीच ठेवून आयव्हीएफ केलं तर यशाची शक्यता जवळपास निम्मी होते. म्हणून आयव्हीएफआधी ती काढतात किंवा पिशवीजवळ क्लिप लावून बंद करतात. "नळी काढली तर मूल कसं होणार?" असं घरचे विचारतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण आयव्हीएफमध्ये गर्भ थेट पिशवीत सोडतात. नळीचं तिथे काही काम नसतं, बिघडलेली नळी फक्त अडथळा करते. नळीची भिंत पातळ असेल, आतल्या चुण्या शाबूत असतील आणि वय कमी असेल, तरच तोंड उघडून वाट बघण्यात अर्थ आहे. त्यातही नळीत गर्भ राहण्याचा धोका वाढतो.

आपल्याकडे नळ्या बिघडतात त्यात टीबी हे कारण विसरून चालत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ असतो, खोकला नसतो, फक्त पाळी हळूहळू कमी होत जाते. दुर्बिणीतून नळी मण्यांच्या माळेसारखी गाठाळ दिसते, किंवा टोक उघडं पण बाकी फुगलेली, तंबाखूच्या चंचीसारखी. आतून अस्तर फिकट आणि ठिकठिकाणी चिकटलेलं. इथे एक साधी चूक सगळ्या ऑपरेशनवर पाणी फिरवते. काढलेला तुकडा सवयीने अख्खाच्या अख्खा फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरमध्ये काही वाढणार नाही. तुकड्याचे दोन भाग करायचे : एक फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी, दुसरा साध्या सलाइनमध्ये, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी. ऑपरेशनआधी "सलाइनची बाटली ठेवाल ना?" एवढं नातेवाइकाने विचारलं तरी पुरे. उलट बाजूची चूकही तितकीच होते. दुर्बिणीत काही नाही, तुकड्यात काही नाही, फक्त पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह, आणि तेवढ्यावर सहा महिने टीबीच्या गोळ्या. हे योग्य नाही. टीबी खरंच ठरला तर पूर्ण कोर्स घ्यायचा. सरकारी केंद्रात औषधं मोफत मिळतात. टीबीने खराब झालेल्या नळ्या जोडायच्या किंवा उघडायच्या भानगडीत पडू नये. फायदा होत नाही, आणि चिकटलेलं आतडं फाटायची भीती मोठी.

चॉकलेट सिस्टबद्दल मी फार सावध आहे. एंडोमेट्रिऑसिस म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार. त्याचं जुनं रक्त साचून अंडाशयात ही गाठ होते. नुसती फोडून रिकामी केली तर पुन्हा भरते, म्हणून तिची साल सोलून काढतात. दोन पकडींनी दोन बाजूंना ओढत साल सुटत जाते, तेव्हा तिच्या बाहेरच्या बाजूला अंडाशयाचा निरोगी पापुद्राही चिकटून येतो. बीजं त्याच पापुद्र्यात असतात. वर रक्त थांबवायला करंट सढळ हाताने वापरला की उरलेलीही जळतात. म्हणून ऑपरेशनआधी एएमएच (अंडाशयात बीजांचा साठा किती उरलाय हे सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. पाळीच्या कोणत्याही दिवशी चालतं. तो आधीच कमी असेल, दोन्ही बाजूंना गाठी असतील, किंवा त्याच अंडाशयावर एकदा ऑपरेशन झालं असेल, तर आयव्हीएफआधी केवळ गाठ आहे म्हणून ऑपरेशनची घाई करू नये. असह्य दुखत असेल, गाठीबद्दल संशय असेल, किंवा बीज काढायला सुईची वाट अडत असेल, तर गोष्ट वेगळी. आजार सौम्य असेल तर मात्र दुर्बिणीतून एंडोमेट्रिऑसिसचे डाग जाळण्याने थोडा फायदा होतो : १९९७ साली कॅनडात ३४१ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात ३६ आठवड्यांत गर्भ राहिलेल्या स्त्रिया उपचार झालेल्यांत ३०.७ टक्के होत्या, नुसती तपासणी झालेल्यांत १७.७ टक्के.

पीसीओएससाठी (अंडाशयात बारीक गाठी दिसतात आणि बीज नियमित फुटत नाही तो आजार) अंडाशयाला छिद्रं पाडण्याचं ऑपरेशन आता पहिल्या फळीत नाही. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी बीज फुटत नसेल तरच. हिशोब मोजका : एका अंडाशयाला चार छिद्रं, ४० वॅट, प्रत्येकी चार सेकंद, म्हणजे ६४० ज्यूल. "दहा-बारा केली" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर तो अभिमान चुकीच्या जागी आहे.

पिशवीच्या आतल्या गोष्टींत हिस्टेरोस्कोपीचा खरा उपयोग आहे. आत डोकावणारा फायब्रॉइड, मोठा पॉलिप, क्युरेटिननंतर (पिशवी खरवडून साफ केल्यावर) चिकटलेली पिशवी, ही कामं पोट न उघडता होतात. बाहेरच्या बाजूला वाढलेल्या फायब्रॉइडचा गर्भ राहण्याशी सहसा संबंध नसतो, तो "सोबत काढून टाकू" म्हणून काढू नये. आतला फायब्रॉइड कापताना पिशवी फुगवायला जे द्रव वापरतात ते रक्तात शोषलं जातं. ग्लायसीन असेल तर एक लिटर शोषलं गेलं की थांबायचं, सलाइन असेल तर अडीच लिटरला. त्यापुढे गेलं तर ग्लायसीनने रक्तातलं सोडियम उतरून मेंदूला सूज येऊ शकते, सलाइनने फुप्फुसात पाणी. बायपोलर (करंट हत्याराच्या टोकापुरताच ठेवणारं) यंत्र सलाइनमध्ये चालतं म्हणून ते जास्त सुरक्षित. किती द्रव आत गेलं आणि किती बाहेर आलं हे सतत मोजणारं माणूस थिएटरमध्ये असायलाच हवं.

पिशवीतला पडदा कापण्याबद्दल मत बदलत चाललंय. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ८० स्त्रियांच्या चाचणीत पडदा कापलेल्यांत ३१ टक्के जणींना बाळ झालं, न कापलेल्यांत ३५ टक्के. चाचणी छोटी आहे, पण "पडदा आहे, कापलाच पाहिजे" हे वाक्य आता कुणी इतक्या खात्रीने म्हणू नये. तसंच सोनोग्राफी नॉर्मल असताना आयव्हीएफआधी सरसकट हिस्टेरोस्कोपी केल्याने मूल होण्याचं प्रमाण वाढत नाही, हे २०१६ च्या दोन मोठ्या युरोपीय चाचण्यांत दिसलं.

ऑपरेशनच्या दिवशी घन अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सगळं घरी ठेवा. करंट वापरताना धातू अंगावर नको. आधीचं सीझर किंवा उभा टाका असेल तर ठळक सांगा, कारण बेंबीखाली आतडं चिकटलेलं असू शकतं. मग पहिली सुई डाव्या बरगडीखालून घालतात.

लॅपरोस्कोपीनंतर खांदा दुखतो तो उरलेल्या गॅसमुळे, एक-दोन दिवसांत जातो. नुसत्या तपासणीच्या लॅपरोस्कोपीतही हजारात साधारण दोघींना गंभीर इजा होते, आणि आतड्याला करंटने पोहोचलेली इजा त्या दिवशी कळतच नाही, तीन-चार दिवसांनी उघडी पडते. रोज कालच्यापेक्षा बरं वाटलं पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट जास्त दुखू लागलं, फुगलं, ताप आला, उलट्या झाल्या, तर "गॅस असेल" म्हणून सोडा पीत बसू नका, त्याच रात्री ऑपरेशन झालेल्या ठिकाणी जा.

डिस्चार्जच्या कागदावर "लॅप-हिस्टेरो केलं, नळ्या उघड्या" एवढंच लिहिलेलं असेल तर ते अपुरं आहे. प्रत्येक नळीचं टोक, अंडाशय, पिशवीमागची जागा, चिकटलेले भाग आणि एंडोमेट्रिऑसिस असल्यास त्याचा प्रजननाचा गुणांक (दिवस राहण्याची शक्यता सांगणारा आकडा), हे सगळं लिहून मागा, आणि व्हिडिओही. नसता पुढचे डॉक्टर पुन्हा बघायला सांगतात. साध्या तपासणीनंतर पुढच्याच पाळीपासून प्रयत्न करता येतो. फायब्रॉइड काढला असेल तर तीन ते सहा महिने थांबायला सांगतात, आणि तो काढताना पिशवीची भिंत आतपर्यंत उघडली होती का, हे त्या नोटमध्ये असलंच पाहिजे, कारण पुढे नॉर्मल बाळंतपण की सीझर, हे त्यावर ठरतं.