अण्णांनी मोहोर खुडला

सकाळपासून नुसती चिडचिड चाललीय, आणि कारण कुणाला सांगायची सोय नाही. केसरच्या कलमाचा मोहोर अण्णांनी खुडून टाकला. मी गच्चीवर मिरची-वांग्याच्या रोपांना पाणी घालत होते. खाली येऊन बघते तर कुंडीत तुरे पडलेले. एका दांडीला वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या, त्याही गेल्या.

त्यांचं चुकलं म्हणावं तर तसंही नाही. नर्सरीवाल्यानंही बजावलं होतं, पहिली तीनेक वर्षं फळ धरू देऊ नका, झाड वाढत नाही. कलमाचा जोड मातीत गाडायचा नाही, जोडाखाली फूट आली की काढून टाकायची, हे सगळं मला पाठ आहे. मोहोर मीच काढणार होते. पाडवा होऊ दे, रविवार येऊ दे... रोज चहाचा कप घेऊन त्या कैऱ्यांपाशी उभी राहत होते, हेही खरं.

मग राग कशाचा? विचारलं नाही याचा? विचारलं असतं तर मी काढा म्हटलं असतं का?

राग त्यांच्या बोलण्याचा आला. हात झटकत म्हणाले, "कोवळ्या वयात लेकुरवाळं कामून करायचं? खंगतंय झाड." किती सहज म्हणाले. माझा बारावीचा शेवटचा पेपर... जाऊ दे. आई असती तर तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं असतं.

दुपारी खड्डा बघून आले. तीन बाय तीन फूट, खोलीही तेवढीच. उन्हात चांगला तापू द्यायचा, मग शेणखत-माती भरून मृगात कलम लावायचं. आत्ता जमिनीत घातलं तर मेच्या उन्हात तगायचं नाही, आणि लातुरात झाड लावायचं म्हणजे आधी पाण्याचा हिशेब. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमचा जांब भांडी विसळलेलं पाणी घालूनही वाळला. त्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं.

संध्याकाळी बघते तर अण्णा ओट्यावर पपईच्या बिया राखेत चोळत बसलेले. बीवरची बुळबुळीत साल गेली की उगवण चांगली होते, हे मीच त्यांना सांगितलं होतं. जवळ बसले. म्हटलं, देशी पपई आहे, निम्मी झाडं नर निघतील, फुलं आल्याशिवाय कळायचं नाही. एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावू.

"आन् नर निघाले ते?"

"उपटायचे. सगळे." जरा जोरातच निघालं तोंडातून.

अण्णांनी मान वर करून बघितलं. "सगळे नगं उपटू. दहात एखादा ठिवावा लागतो, न्हाई तर फळ कशानं धरंल?"

हसूच आलं मला. हेही त्यांचंच बरोबर. बिया लावायला मातीनं पिशव्या भरायचं काम मात्र माझ्याकडं.